सात जाड अक्षरं : बहरीनचं नाव, नाशिकची शाई

टपाल तिकिटं जमवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्याकडच्या अल्बममधलं आखाती देशांचं पान उघडून बघा. तिथे पंचम जॉर्जचं एक तिकीट असण्याची बरीच शक्यता आहे. राजाचा चेहरा, भोवती नक्षी, किंमत आण्यांत आणि 'इंडिया' हे नाव रोमन लिपीत. म्हणजे हिंदुस्थानचंच नेहमीचं तिकीट. फक्त या सगळ्यावरून काळ्या शाईत सात जाड अक्षरं छापलेली दिसतील : बी, ए, एच, आर, ए, आय, एन. बहरीन.

हे तिकीट १९३३ सालापासून बहरीनमध्ये विकलं जात होतं. आणि ते छापलं जात होतं नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिकीटही तिथलंच आणि ती सात अक्षरंही तिथलीच.

पॉडकास्टमध्ये आपण आखात आणि मुंबई यांच्या नात्याबद्दल बोललो, तेव्हा मोती, खजूर, जहाजं, व्यापारी हे सगळं आलं. या लेखात मला फक्त त्या सात अक्षरांकडे बघायचंय. ती कुठल्या वळणाची आहेत? तसं वळण आलं कुठून? एका बेटाचं नाव लिहायला तेच का वापरलं गेलं? टाइपफेसचा इतिहास हा डिझायनर मंडळींचा खासगी विषय आहे असं आपण समजतो. पण कोणाचं नाव कोण लिहितं, कोणाच्या कागदावर आणि कुठल्या लिपीत, हा प्रश्न काही फक्त डिझायनरांचा नाही.

ओरडणारं अक्षर

आधी अक्षराचा स्वभाव समजून घेऊ. तिकिटावरची ती अक्षरं सगळी कॅपिटल आहेत, उभे दांडे जाड आहेत आणि टोकांना छोट्या आडव्या पायऱ्या आहेत. या पायऱ्यांना सेरिफ म्हणतात. साधं पुस्तकी रोमन अक्षर सेरिफचंच असतं. पण इथे त्याला भरपूर खाऊपिऊ घातल्यासारखं दिसतं.

रोमन अक्षर असं जाड कधी झालं, याची गोष्ट बरीच अलीकडची आहे. छपाई सुरू झाल्यापासून साडेतीनशे वर्षं युरोपात 'बोल्ड' नावाचा प्रकार जवळजवळ नव्हताच. एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर तो तिरका छापायचा, मोठा छापायचा किंवा लाल शाईत छापायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हे बदललं. शहर वाढलं, भिंतीवर चिकटवायच्या जाहिराती वाढल्या. लॉटरीवाले, नाटकवाले, औषधवाले सगळे एकाच भिंतीवर एकमेकांशी भांडायला लागले. मग रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतारींनी पुस्तकी अक्षरालाच फुगवायला सुरुवात केली. उभा दांडा प्रचंड जाड, आडवी रेघ मात्र केसासारखी बारीक. या प्रकाराचं नावच 'फॅट फेस' पडलं. १८१५च्या सुमाराला व्हिन्सेंट फिगिन्सने ठोकळ्यासारख्या चौकोनी सेरिफचं अक्षर विकायला काढलं. पुढे अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२८च्या सुमाराला लाकडात मोठी अक्षरं कापण्याचं यंत्र वापरात आणलं आणि पोस्टरवरचं अक्षर हात-दोन हात उंच व्हायला लागलं.

म्हणजे जाड, नटवं सेरिफ अक्षर जन्मलं ते बाजारात. त्याचं काम एकच : रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवणं.

मग १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्लीने 'क्लॅरेंडन' नावाचं अक्षर बाजारात आणलं. फॅट फेसमधल्या बारीक रेघा त्याने भरून घेतल्या, ठोकळी सेरिफ थोडी वळवून मुख्य दांड्याला जोडली आणि अक्षर असं बेतलं, की ते साध्या मजकुराच्या ओळीत शेजारी बसू शकेल. शब्दकोशातला मुख्य शब्द जाड आणि अर्थ बारीक अक्षरात, ही आपल्याला आज अगदी नैसर्गिक वाटणारी सोय यातूनच रुळली. बेस्लीने या अक्षराची नोंदणीही केली होती. पण तेव्हाच्या कायद्यात संरक्षण तीनच वर्षांचं. मुदत संपली आणि दुसऱ्या ओतारींनी धडाधड नकला काढल्या.

इथे एक महत्त्वाचं वळण आहे. बाजारात ओरडणारं अक्षर आता कचेरीत शिरलं. सूचना, नियम, तिकिटं, पावत्या, गॅझेटमधले मथळे. जाहिरातीत जाड अक्षर म्हणत होतं, 'इकडे बघा.' सरकारी कागदावर तेच अक्षर म्हणायला लागलं, 'हे अधिकृत आहे.' आवाज तोच होता, फक्त बोलणारा बदलला.

छापलेल्यावर छापणं

आता नाशिकला येऊ. १८५०च्या दशकापासून हिंदुस्थानची तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२५ साली नाशिक रोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि काम इकडे आलं. १९३१ साली नवी दिल्ली राजधानीच्या उद्घाटनाची चित्रमय तिकिटं याच छापखान्यातून बाहेर पडली.

तयार तिकिटावर पुन्हा काही छापणं याला 'ओव्हरप्रिंट' म्हणतात. तिकिटांचा अख्खा ताव आधी छापून झालेला असतो. मग जितकी तिकिटं तितक्या वेळा तोच शब्द जुळवून एक फर्मा बांधायचा, शाई लावायची आणि ताव त्यावरून काढायचा. जुळणीतला एखादा खिळा झिजलेला किंवा मोडका असेल तर प्रत्येक तावावर त्याच जागेच्या तिकिटावर तोच दोष उमटतो. संग्राहक लोक भिंग घेऊन बसतात ते यासाठीच.

या कामाला जाड सेरिफ अक्षरच का सोयीचं? एक तर खालची जमीन रिकामी नसते. राजाची दाढी, नक्षी, बारीक रेघा यांच्या गर्दीत पातळ अक्षर हरवून जातं. दुसरं, त्यावर पोस्टाचा शिक्का बसणार असतो. शिक्क्याच्या काळ्या गोलाखालूनही नाव वाचता यायला हवं. तिसरं, अक्षर छोटं असूनही गंभीर दिसायला हवं, कारण तिकीट म्हणजे एका अर्थाने पैसाच. सेरिफचं कॅपिटल अक्षर दगडावरच्या लेखाची आठवण करून देतं, आणि जाडी त्याला वजन देते.

पण गंमत बघा. मूळ तिकीट छापायला खास पत्रे, जलचिन्हाचा कागद, पहारा, हिशेब असं सगळं लागतं. ओव्हरप्रिंटला मूठभर खिळे आणि शाई पुरते. म्हणून जगभर ओव्हरप्रिंट हीच नकली माल करणाऱ्यांची आवडती जागा राहिली : खरं, स्वस्त तिकीट घ्यायचं, वर दुर्मिळ देशाचं नाव ठोकायचं. जे अक्षर सगळ्यात जास्त अधिकाराने बोलतं, तेच करायला सगळ्यात सोपं असतं. या अक्षराचा स्वभाव मला इथे नेमका दिसतो. त्याचा रुबाब अंगचा नसतो, मागे उभ्या असलेल्या सत्तेकडून उसना घेतलेला असतो.

रेल्वे नसलेल्या बेटावर डाकगाडी

१९३३चं बहरीन म्हणजे काय होतं? ते ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हतं. तिथे अल खलिफा घराण्याचं राज्य होतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या करारांनी परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती गेले होते, आणि ब्रिटिश म्हणजे आखातात बराच काळ हिंदुस्थान सरकारच. आखाताचा ब्रिटिश रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा. १८७३पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. १८८४ साली बहरीनमध्ये हिंदुस्थानी पोस्टाचं ऑफिस उघडलं. व्यवहारात रुपया चालायचा. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता.

आणि नेमकं तेव्हाच सगळं बदलत होतं. जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बसवला होता. १९३२ साली बहरीनमध्ये तेल सापडलं. त्याच वर्षी इम्पीरियल एअरवेजचा हवाई मार्ग इराणच्या बाजूने हलून आखाताच्या अरबी किनाऱ्याकडे आला आणि त्यात बहरीनचा थांबा आला. तोवर तिथे साधी, काहीही न छापलेली हिंदुस्थानी तिकिटं विकली जायची. १९३३पासून त्यांच्यावर बेटाचं नाव आलं.

नाव आलं, चित्र मात्र आपलंच राहिलं. याचा सगळ्यात मजेदार नमुना पाच वर्षांनी दिसतो. सहाव्या जॉर्जच्या काळात हिंदुस्थानच्या तिकिटांवर टपाल नेण्याच्या साधनांची चित्रं आली : हरकारा, टांगा, उंट, आगगाडी, लॉरी. ही तिकिटं १९३८पासून बहरीनसाठीही छापली गेली. २ आण्यांवर धावणारा हरकारा, ४ आण्यांवर डाकगाडी, आणि दोन्हींवर तीच जाड सात अक्षरं. बहरीनमध्ये रेल्वे नव्हती. रुळाचा तुकडा नसलेल्या बेटावरून लोक आगगाडीचं तिकीट चिकटवून पत्रं पाठवत होते, आणि ती आगगाडी आपली आहे असं त्यांना ते अक्षर सांगत होतं.

नाव कुठल्या लिपीत?

आता त्या तिकिटावर काय *नाही* ते बघा. अरबी नाही. बेटाची भाषा अरबी, राज्यकर्ते अरब. नावसुद्धा अरबी, 'अल-बहरैन' म्हणजे दोन समुद्र. तिकिटावर त्यातला 'अल' गळाला, लिपी गळाली, उरली इंग्रजी कचेरीला वाचता येतील अशी सात अक्षरं.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, छापखान्याची सोय बघितली असेल, त्यात एवढं काय?' तर त्याच काळातलं आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानासाठीही हिंदुस्थानची तिकिटं १८८५पासून अशीच ओव्हरप्रिंट व्हायची. त्यांवर रोमनमध्ये नाव असायचं आणि सोबत देवनागरीतही. (तेही हिंदी उच्चाराने. मराठीतलं 'ग्वाल्हेर' तिकिटावर आलं नाही.) म्हणजे दोन लिप्यांचा फर्मा बांधता येत होता. आणि अरबी लिपी जमत नव्हती असंही नाही. १९४४ साली मस्कतच्या अल बू सैद घराण्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा हिंदुस्थानी तिकिटांवर घराण्याचं नाव आणि १३६३ हे हिजरी साल अरबीत छापलं गेलं. लिपी निवडता येत होती. बहरीनसाठी ती निवडली गेली नाही, एवढं तरी नक्की म्हणता येतं.

नाशिकच्या छापखान्यात काम करणाऱ्यांत आसपासच्या गावांतली मराठी माणसं होती. त्यांच्या दृष्टीनेही ते अक्षर परकंच. त्यांच्या भाषेच्या छपाईत जाड अक्षराची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालली होती. रोमनमध्ये ओरडायचं असेल तर कॅपिटल अक्षरं हाताशी असतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत, अरबीतही नाहीत. त्यामुळे मोठ्याने बोलायचं सगळं ओझं आकारावर आणि जाडीवर येतं.

आणि देवनागरी जाड करणं सोपं नाही. आपल्या अक्षरातली जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरक्या कापातून आली. सेरिफ नाहीत, वर शिरोरेषा आहे. अक्षर जाड केलं की आधी त्याच्या पोटातली मोकळी जागा भरते. 'क', 'श', 'क्ष' बुजायला लागतात. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, या सगळ्यांना एकाच ओळीच्या उंचीत बसवायचं असतं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी, आणि पुढे जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं, त्याची कीर्ती सुबकपणाची आणि वाचनीयतेची होती. ओरडण्याची नव्हती. ही सगळी कहाणी बापूराव नाईकांनी १९७१च्या आपल्या तीन खंडांच्या ग्रंथात मांडली आहे. जिज्ञासूंनी ती जरूर बघावी. लंडनच्या फॅट फेसचा थेट देवनागरी भाऊ म्हणता येईल असं अक्षर, म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचं 'रोझा वन', सर्वांना मोफत मिळायला लागलं ते २०१४च्या सुमाराला. आज लग्नपत्रिकेपासून पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत अशी अक्षरं दिसतात तेव्हा ती 'पारंपरिक' वाटतात. खरं तर ती दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या भिंतीवरून आलेली आहेत.

एका देशाचं नाव, आठवड्यांत

या अक्षराचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र १९४७ साली झाला. फाळणी झाली. नव्या देशाकडे स्वतःची तिकिटं छापून तयार नव्हती. मग काय केलं? नाशिकलाच सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर जाड सेरिफ कॅपिटल अक्षरांत 'पाकिस्तान' छापलं गेलं आणि १ ऑक्टोबर १९४७ला ती तिकिटं विक्रीला आली. बहरीनचीच रीत, बहरीनचाच छापखाना. फरक इतकाच, की इथे ते नाव त्या देशाने स्वतःसाठी घेतलेलं होतं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट आलं. त्यावर तिरंगा होता आणि देवनागरीत 'जय हिंद'. ते वरून ठोकलेलं नव्हतं, मूळ चित्रातच लिहिलेलं होतं.

बहरीनला त्यासाठी थांबावं लागलं. फाळणीनंतर काही महिने तिथलं पोस्ट पाकिस्तानकडे होतं. १ एप्रिल १९४८पासून ते ब्रिटिश पोस्टाकडे गेलं. आता लंडनची तिकिटं आली, त्यांवरही 'बहरीन' छापलेलं आणि शिलिंग-पेन्सच्या जागी आणे-रुपये. भारताने १९५७ साली दशमान नाणी आणली तेव्हा ब्रिटनच्या राणीच्या तिकिटावर 'एनपी' उमटलं, म्हणजे नये पैसे! रुपया तर त्याहून चिवट निघाला. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, झेड अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या. त्याही नाशिकच्याच. १९६५ साली बहरीनने आपला दिनार सुरू केला तो १० रुपयांना एक या भावाने.

मधल्या काळात, १९६० साली, शेख सलमान यांचं चित्र असलेली तिकिटं आली. नाव अरबीत आणि इंग्रजीत, दोन्ही मूळ चित्राचा भाग. सत्तावीस वर्षांनी ओव्हरप्रिंट संपलं. १९६६मध्ये बहरीनने पोस्ट स्वतःच्या हाती घेतलं आणि १५ ऑगस्ट १९७१ला स्वातंत्र्य जाहीर केलं. तारीख ओळखीची वाटली ना?

आपण मराठी लोक साम्राज्याची गोष्ट सांगताना स्वतःला नेहमी एकाच बाजूला उभं करतो : ज्यांच्यावर राज्य झालं त्या बाजूला. ते खरंच आहे. पण आखातातून बघितलं तर त्याच साम्राज्याची शाई नाशिकची होती, पैसा रुपयात होता आणि बराच काळ हुकूम मुंबईहून सुटत होते. फर्मा बांधणाऱ्याने बहरीन पाहिलं नव्हतं, आणि बहरीनमध्ये ते तिकीट जिभेला लावून चिकटवणाऱ्याला नाशिक माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघांच्या मध्ये फक्त ती सात अक्षरं होती, आणि त्यांची निवड दोघांपैकी कुणीच केलेली नव्हती.